मोहटोल्याची दवंडी

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी कढईत पोहे आणि कानाला फोन. ऑफिसातून कर्नलसाहेब. "मॅडम, जल्दी आइए। रेंज पे कुछ हो गया है।" पोहे विलासच्या भरवशावर टाकून निघाले. संध्याकाळी कढई घासून ठेवलेली दिसली, म्हणजे करपवलेच असणार.

मोहटोल्याची एक बाई सकाळी साडेसातला गवत कापायला रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या तोफसरावाच्या हद्दीच्या, आत गेली होती. गोळ्याचा तुकडा डाव्या पायात. नाव शेवंता. जिवंत आहे. काटोलहून इथे नागपूरला मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. पाय राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

तासाभरात प्रेसनोट. साहेबांचा नेम ठरलेला, तीन वाक्यं. एक, आम्हाला खेद आहे. दोन, चौकशी सुरू आहे. तीन, आसपासच्या गावांना एक ते चार डिसेंबरची आगाऊ सूचना दिली होती. चौथं वाक्य लिहिलं की पत्रकार त्यातूनच आत शिरतात म्हणे. मी मराठी केलं, खाली नेहमीप्रमाणे "मूळ मजकुराशी पडताळून पाहिले" लिहून सही ठोकली.

तिसरं वाक्य लिहिताना हात अडखळला नाही. का अडखळावा? सूचना मीच पाठवल्या. मोठी सरकारी सूचना तहसीलला आणि पंचायतींना, आणि तिला जोडून दवंडीची चिठ्ठी, साध्या बोलीत, कोतवालाने डफडं वाजवून वाचायची. चिठ्ठी ही माझी कल्पना. सरकारी मराठी गावात कोणाला कळत नव्हती, म्हणून नऊ वर्षांपूर्वी सुरू केली. तेव्हाच्या साहेबांनी शाबासकीचं पत्र दिलं होतं. ते टीव्हीच्या वर लावलं आहे. आज जेवताना तिकडेच बघत होते.

३ डिसें., बुध.

राऊतचा फोन. हा स्थानिक पेपरचा, तरुण, चिवट. "मॅडम, मोहटोल्यात दवंडी आठ ते अकरा तारखेची झाली म्हणून राहिले लोकं. तुमच्या नोटमधे एक ते चार. काहून असं?"

मी म्हटलं, बघून सांगते. फोन ठेवल्यावर पाणी प्यायले. मग पुन्हा प्यायले.

साहेबांना सांगितलं. त्यांनी तहसीलला फोन लावला. बाकी सहा गावांत दवंडी बरोबर, एक ते चार. फक्त मोहटोल्यात आठ ते अकरा. साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. "कोतवाल ने गलत पढ़ा। सिंपल।" सगळं ऑफिस सैल झालं. मी सोडून.

डोक्यात गेल्या आठवड्यातलं सगळं फिरतंय, इथे लिहून काढते म्हणजे फिरायचं थांबेल.

गोळीबार आधी आठ ते अकराच ठरला होता. गेल्या बुधवारी तशी सूचना आली. प्रिंटर शाई सोडत होता म्हणून दवंडीची एक चिठ्ठी नमुना म्हणून काढून बघितली. यादीत पहिलं गाव मोहटोला. चिठ्ठी चांगली निघाली, फाइलमध्ये ठेवली. शुक्रवारी दुपारी वरून बदल आला. आठ तारखेपासून अधिवेशन, आमदार-मंत्री सगळे नागपुरात, त्या आठवड्यात आवाज नको, तक्रारी नकोत. गोळीबार अलीकडे ओढा, एक ते चार. मी मोठी सूचना बदलली. चिठ्ठ्यांच्या तारखा बदलल्या. एकेका गावाचं नाव घालून काढत गेले.

मोहटोल्याची पुन्हा काढली का?

सहा काढल्याचं आठवतं. सातवी आठवत नाही. कॉम्प्युटरवर एकच फाइल, तिच्यावर शेवटच्या गावाचं नाव. काहीच कळत नाही. शुक्रवार होता, चार वाजले होते, तहसीलची गाडी खाली हॉर्न वाजवत होती.

काढलीच असेल. इतकी वर्षं काम करतेय.

४ डिसें., गुरु.

पत्रकारांची रेंजवर सहल. साहेब "मीडिया विज़िट" म्हणतात. बस, डोक्यावर टोप्या, तर्री-पोहे, पाण्याच्या बाटल्या. मी दुभाषी. लाल झेंडा कुठे लावतात ते दाखवलं, "प्रवेश निषिद्ध" चे बोर्ड दाखवले. बोर्ड इतके ताजे होते की राऊतच्या पँटला रंग लागला. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "हे कधीचे बोर्ड आहेत जी?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नूतनीकरण झालंय." कसा शब्द सुचला, देव जाणे.

आमदारही आले, तीन गाड्या घेऊन. साहेबांनी त्यांना दुर्बीण दिली, खुर्ची दिली, चहा दिला. आमदारांनी सगळं घेतलं आणि उठताना म्हणाले, "साहेब, चहा चांगला होता. पण मी सभागृहात विचारीन म्हणजे विचारीन. आमच्या बाईचा पाय चालला तिथं." साहेब हसत राहिले. हसणं हाही त्यांच्या कामाचाच भाग, मला दोन वर्षांत कळलंय. गाडी गेल्यावर रुमालाने मान पुसली.

कुंपणाच्या पलीकडे मोहटोल्याची माणसं उभी. पंधरा-वीस असतील. ओरडत नव्हती, नुसती उभी. एका म्हातारीने मला बोलावलं. "तुमीच ना वं त्या चिठ्ठीवाल्या बाई? मागल्या साली आमच्या शाळेत आल्या होत्या."

हो म्हटलं.

"तुमची चिठ्ठी येते मनूनच आमी इसवासानं आत जातो, बाई. गवताबिगर ढोरं काय खातीन?"

बसमध्ये मी खिडकीकडची सीट घेतली, ऊन हवंय असं सांगून. कळमेश्वर येईपर्यंत पोटात कळ. फक्त भीती, दुसरं काही नाही. घाबरले की माझं पोट दुखतं, लहानपणापासून.

५ डिसें., शुक्र.

कोतवाल निलंबित. नामदेव नाव. तहसीलचा आदेश साहेबांच्या टेबलावर आला, मी वाचून दाखवला, कारण मराठी कागद त्यांना मीच हिंदीत वाचून दाखवते आणि मग ते सही करतात. "दवंडीत चुकीच्या तारखा जाहीर करून कर्तव्यात गंभीर कसूर." साहेब म्हणाले, "बेचारा।" खरंच वाईट वाटलं त्यांना. मग चहा मागवला.

शेवंतावरही पोलिसांत नोंद झाली. मनाई असताना रेंजमध्ये शिरली म्हणून. दवाखान्यात पडलेल्या बाईवर. मोठी सूचना पंचायतीच्या फळ्यावर लावलेली होतीच, एक ते चार, शिक्क्यासकट. ती कोण वाचतं? ती वाचत नाहीत म्हणूनच तर चिठ्ठी काढली होती मी.

आदेश वाचून झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. एका माणसाची नोकरी गेली आणि माझं पोट दुखायचं थांबलं. लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच नाकारीन.

निवृत्तीला चौदा महिने राहिले माझे. चौदा.

६ डिसें., शनि.

आज नामदेव घरी आला.

दुपारी तीनला बेल. दारात साठीच्या आसपासचा माणूस, खाकी शर्ट, हातात पिशवी. काटोलहून बसने आला, सक्करदऱ्यात तलावापासून विचारत विचारत. मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार, शेजारच्या देशकरबाई बाहेर येणार. त्याने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले.

पाणी दिलं. बसला, खुर्चीच्या टोकावर. पिशवीतून संत्री काढून टीपॉयवर ठेवली. नको म्हटलं तरी ठेवलीच.

म्हणाला, "मॅडम, तीस वर्सं झाली मी दवंडी देऊन राहिलो. आजवर एक आखर चुकलो नाही. कागदावर होतं तेच मी बोललो." खिशातून चारदा दुमडलेला कागद काढला. "त्या दिवशी डफड्याच्या खोळीत राहून गेला होता. परवा सापडला. तहसीलीत नेऊन दाखवला तर साहेब मनते, हा कागद तूच बनवून आनला. ना सही, ना शिक्का. मंग मी मनलो, ज्याईनं लिवला त्याईलेच दाखवतो."

चिठ्ठ्यांवर शिक्का नसतो. मीच नको म्हटलं होतं तेव्हा. शिक्का दिसला की लोक घाबरतात, चिठ्ठी आपली वाटली पाहिजे, असं मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

कागद उघडला. डाव्या बाजूला शाईची बारीक रेघ. नमुना. तोच.

उतरवून ठेवते, शब्दन् शब्द:

*ऐका हो मोहटोलावाले. सोमवार आठ डिसेंबरपासून गुरुवार अकरा डिसेंबरपर्यंत रेंजवर तोफा चालतील. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, लाल झेंड्याच्या पलीकडे माणूस नाही, ढोर नाही, कोणीच जाऊ नका. बाकीच्या दिवशी गवत कापायला मनाई नाही.*

शेवटचं वाक्य मोठ्या सूचनेत नसतं. ते माझं. लोकांची सोय म्हणून घातलेलं.

नामदेव माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "चूक कोनाची हे मी नाही इचारत जी. वरूनच तसं आलं असंल. तुमी फक्त एवढं लिवून द्या का हा कागद तुमच्या हापिसातलाच हाय. बस. शेवंताले पोलीस चोट्टी मनून राहिले, अन् मले आंधळा."

मी काय म्हटलं? "बघते." राऊतला म्हटलं तेच. "कागद माझ्याकडे ठेवा, मी बघते." त्याने ठेवला. इतक्या विश्वासाने, की नक्कल काढून घेतो असंही म्हणाला नाही. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "तुमच्यापाशी हाय मनल्यावर आता मले फिकीर नाही."

७ डिसें., रवि.

विलासला सांगितलं. सांगितल्याशिवाय जेवण घशाखाली जाईना. त्याने ताट बाजूला सारलं. मग:

"फाडून टाक."

"विलास…"

"मंग काय करशील? साहेबाले जाऊन सांगशील? बाईचा पाय तुह्या कागदानं गेला असं लिहून देशील? पोलीस तुले धरतील, त्या कर्नलले नाही. तो दोन वर्षांनी बदलून जाईन. चौदा महिने राहिले तुझे, काहून आगीत हात घालून राहिली?"

मी म्हटलं, त्या माणसाची नोकरी गेली. म्हणाला, मले त्याचं वाईट वाटते, पण मले तुझी भीती वाटते. हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत असा आवाज मी दोनदाच ऐकला असेल.

चिठ्ठी शिवणाच्या डब्यात आहे, बटणांच्या खाली. आज चार वेळा उघडून बघितलं. आहे. आहे याचीच भीती, आणि नसेल तर त्याहून. दुपारी कुरिअरवाला आला तर मी दाराआड उभी राहिले, विलासला पाठवलं.

राऊतने आज पेपरात लिहिलंय: "कोतवालाची चूक की आणखी कोणाची?" नाव नाही माझं. अजून नाही.

८ डिसें., सोम.

अधिवेशन सुरू. वर्धा रोडवर पोलीस, सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या गाड्या, रस्ते बंद. ऑफिसला पोचायला तास लागला. आज रेंज शांत. चिठ्ठीप्रमाणे आज तोफा चालायच्या होत्या.

आमदारांची लक्षवेधी लागली, गुरुवारी. मंत्र्यांना उत्तर द्यायचं, त्यासाठी कलेक्टर ऑफिसला माहिती हवी, ती आमच्याकडून जाणार. साहेबांनी इंग्रजी मसुदा करून ठेवला होता. मी मराठी करायचं. चौथा मुद्दा: सातही गावांना एकाच मजकुराची दवंडी-चिठ्ठी पाठवली होती, भाषांतरकाराचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

भाषांतरकार म्हणजे मी. प्रमाणपत्र म्हणजे माझी सही.

"रूटीन है," सा. म्हणाले. (यापुढे इथे नुसतं सा. लिहीन. ही वही कोणाच्या हाती लागली तर? लागली तर सगळंच लागलं, मग सा. लिहून काय होणार. तरी.)

मी म्हटलं, सर, फाइल एकदा बघते. ते म्हणाले, बघा, पण बुधवारपर्यंत. मग हळूच, "मॅडम, आपकी चिट्ठी के कारण ही तो हम बचे हैं। वरना सब हम पर आता।"

प्रमाणपत्राचा कागद पर्समध्ये आहे. कोरा. सही केली की नामदेव कायमचा गेला. त्याच्या कागदावर शिक्का नाही, माझ्या कागदावर असेल.

९ डिसें., मंगळ.

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाहीये.

वरच्या साहेबांच्या मिसेस दवाखान्यात गेल्या, फळांची टोपली, फोटोग्राफर. मला न्यायचं कारण, त्यांना मराठी येत नाही, शेवंताला हिंदी जेमतेम. आधी सा. नी बजावलं: बाईशी गोड बोलायचं, चौकशीबद्दल काही नाही.

पाय शनिवारी काढला. गुडघ्याच्या खालून. मला कोणी सांगितलं नव्हतं. चादर तिथे सपाट. मी तिकडे बघितलं आणि मग बघितलं नाही. शनिवारी, म्हणजे नामदेव माझ्या घरी संत्री ठेवत होता तेव्हा.

शेवंता बारीक, काळीसावळी, डोळे मोठे. नवरा उशाशी उभा, हातात डब्याची पिशवी, कुठे ठेवावी ते न कळून धरलेली. मिसेसनी तिचा हात हातात घेतला, खरंच मनापासून. म्हणाल्या, "पूछिए, कैसी है, कुछ चाहिए क्या?"

मी विचारलं. शेवंताने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून बोलली.

"मी चोरी नाही केली जी. डफडं आठ तारखेचं वाजलं होतं. धुकं होतं, झेंडा नाही दिसला. मले आत मनाई आहे मालूम असतं तं मी कायले जाईन? या बाईले सांगा, माह्यावरची पोलिसाची केस काढून घ्या मनावं. माह्या पोरीचं लग्न जुळून राहिलं. चोट्ट्याची पोरगी मनतीन तिले."

मिसेस माझ्याकडे बघत होत्या. फोटोग्राफर थांबलेला. सा. दाराशी.

मी म्हटलं, "कह रही हैं, अब थोड़ा आराम है। आपका धन्यवाद कर रही हैं।"

मिसेसच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो निघाला.

शेवंताला जेमतेम हिंदी येते असं सगळे म्हणत होते. "धन्यवाद" तिला कळलं. तिने मान वळवली, भिंतीकडे.

इतकी वर्षं मी एवढ्याच गोष्टीच्या जोरावर मान वर करून चालले. माझ्या भाषांतरात कानामात्रेचा फरक सापडायचा नाही.

घरी आले, आंघोळ केली. विलासने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. शाबासकीचं पत्र भिंतीवरून काढून कपाटावर टाकलं, उलटं.

१० डिसें., बुध.

साडेदहाला सा. च्या केबिनमध्ये गेले. प्रमाणपत्र कोरंच. फोल्डरमध्ये सगळ्यात वर चिठ्ठी ठेवली. बाहेर खुर्चीवर दहा मिनिटं बसले होते, शिपाई म्हणाला मॅडम तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हटलं.

सा. नी चिठ्ठी उचलली. "यह क्या है? पढ़के बताइए।"

वाचून दाखवली. रोजच्यासारखी, आधी मराठी, मग हिंदी. तारखा वाचल्या. शेवटचं गवताचं वाक्यही वाचलं. मग म्हटलं, सर, ही मोहटोल्याची. कोतवालाने बरोबरच वाचलं. नमुन्याची जुनी चिठ्ठी माझ्या हातून गेली. चूक माझी.

सा. नी उठून दार लावलं. परत बसले. खिडकीबाहेर बघत होते, बाहेर काय, पार्किंग आणि एक कडुनिंब.

"किसको पता है?"

कोतवालाला, सर. मिस्टरांना. आणि आता तुम्हाला.

"मीडिया?"

नाही.

मग म्हणाले, "मॅडम, मैंने तीन वाक्य लिखे थे। तीसरा ग़लत था, और मैंने पूरी दुनिया को भेज दिया।" ओरडले असते तर बरं झालं असतं. चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट खणात, खणाला किल्ली. "आज कुछ मत कीजिए। साइन भी मत कीजिए। घर जाइए।"

मी विचारलं, सर, उद्या उत्तरात काय जाईल?

"यह आप मुझ पर छोड़िए।"

आजवर मी सगळं त्यांच्यावर सोडत आले, त्यात भीती कधी वाटली नाही. आज वाटली. ते काय करतील खरंच कळत नाही. वर सांगतील? की किल्ली फिरवली तेवढ्यावरच संपलं? वाईट माणूस नाहीत ते. पण वाईट नसलेली माणसं काय काय करतात ते मी काल दवाखान्यात बघितलं, आणि ती मीच होते.

नामदेवचा कागद माझ्याकडे दिला होता. तो मी दुसऱ्याच्या खणात टाकून आले. हे बसमध्ये लक्षात आलं.

११ डिसें., गुरु.

सा. बरोबर विधानभवनात. पास गळ्यात, वर अधिकाऱ्यांच्या गॅलरीत. खाली आमदार, कागद, गोंधळ. माझ्या मांडीवर फोल्डर, पण उत्तराची प्रत त्यात नव्हती. ती सा. च्या बंद पाकिटातून सकाळीच मंत्र्यांच्या माणसाकडे गेलेली. त्यात काय आहे मी विचारलं नाही.

क्रमांक आला. आमदार उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, मोहटोला…" आणि दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर समोरून आरडाओरडा सुरू झाला, दोघे-चौघे पुढे धावले. पंधरा मिनिटं कामकाज बंद. परत सुरू झालं तेव्हा अध्यक्षांनी लक्षवेधी राखून ठेवली. पुढे कधी, माहीत नाही.

सा. नी श्वास सोडला. माझ्याकडे बघितलं. पाकीट परत आलं, तसंच बंद. ब्रीफकेसमध्ये टाकलं. गाडी नको म्हटलं मी, चालते थोडं.

बाहेर, कठड्यांच्या पलीकडे, मोर्चेवाल्यांच्या गर्दीत नामदेव. खाकी शर्ट धुतलेला, इस्त्री केलेला. त्याला आत सोडलं नव्हतं, सकाळपासून तिथेच उभा. मला बघून पुढे आला, तोंडावर हसू. "काय झालं मॅडम? आला का कागद सभागृहात?"

सगळ्या बाजूंनी घोषणा चालल्या होत्या. कोणी ऐकत नव्हतं आमचं. तरी मी आजूबाजूला बघितलं. सवय.

म्हटलं, "नामदेवभाऊ, वरून नाही आलं ते. चूक माही होती. जुनी चिठ्ठी मीच तुमच्या गावाले धाडली. पाच दिवस मले मालूम होतं."

आईच्या बोलीत बोलले. ऑफिसात मी कधी असं बोलत नाही. दुसरं काही तोंडात येईना.

त्याचं हसू जायला वेळ लागला. मला वाटलं, ओरडेल. मला वाटलं, त्याने ओरडावं. त्याने डोळ्यावरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"कागद कुठं हाय माहा?"

साहेबांच्या खणात, म्हटलं.

मान हलवली. जणू त्याला ते आधीच माहीत होतं. मग म्हणाला, "मले काहून सांगता आता? मले तं शनिवारीच समजलं होतं, तुमचं तोंड पाहून. शेवंताले सांगा. ती रोज मले इचारते, काका, तुमी खरंच आठ बोलले होते ना? मी हो मनतो. पन माह्यावर आता तिचाबी भरोसा नाही रायला."

वळून गेला. बसस्टँडकडे असेल. मी थांबवलं नाही.

म्हणजे त्याला कळलं होतं, आणि तरी कागद माझ्या हातात देऊन गेला. हे मघापासून डोक्यातून जात नाही.

दवाखान्यात भेटीची वेळ चार ते सहा. उद्या जाणार. विलास म्हणाला, मी येतो. नको म्हटलं. म्हणाला, सा. नी वर काही सांगायच्या आधी तू कोणाकडे तोंड उघडू नको, एवढं तरी ऐक. तो म्हणतो ते बरोबरही असेल. उद्या चारपर्यंत मी माघार घेणारच नाही असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

चिठ्ठी खणात गेली, पण मजकूर सहा तारखेच्या पानावर आहे, माझ्या अक्षरात. त्याच्याखाली आत्ता लिहिलं, "ही चिठ्ठी मी पाठवली", आणि पूर्ण नावाने सही केली, ऑफिसात करते तशीच. पान दुमडून वही पर्समध्ये ठेवली आहे.